७ जुने संगणक, ४२ मुलं आणि लिब्रेऑफिस रायटर : दोन वर्षांच्या वापरानंतर

खाडाखोड केली की मार्क जातात, हे मुलं फार लवकर शिकतात. मी भाषा शिकवते, आणि आठवीच्या वर्गात आलेलं मूल लिहायला बसलं की आधी वाक्य मनात पूर्ण जुळवतं, मग घाबरत कागदावर उतरवतं आणि एकदा उतरवलं की त्याला हात लावत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. निबंध फसलेला असतो, त्यालाही ते कळलेलं असतं, पण वही स्वच्छ दिसते ना, मग झालं. त्यामुळे लेखनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरकडे बघताना माझा पहिला प्रश्न असतो की याच्यामुळे मुलाला आपलंच वाक्य खोडायचं धाडस येईल का. टाइप छान दिसतं का, चित्रं घालता येतात का, हे मी नंतर बघते.

आमच्याकडे आधी वार्षिक वर्गणी भरून वापरायचं एक सॉफ्टवेअर होतं. एका वर्षी तरतूद कमी झाली, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाच्या मागण्या आधीच रांगेत होत्या, आणि नूतनीकरण राहून गेलं. सत्राच्या मध्यावर एके दिवशी मुलांनी आपल्या फाईली उघडल्या, तर त्या वाचता येत होत्या पण एक अक्षर बदलता येत नव्हतं. अर्धे लिहिलेले निबंध समोर दिसत होते आणि मुलं माझ्याकडे बघत होती. मुलांचं लेखन त्यांच्या हातात राहायला हवं, ते कुणाच्या बिलावर अवलंबून असू नये, हे मी त्या दिवशी ठरवलं. त्या आठवड्यातच मी लिब्रेऑफिस हा मोफत सॉफ्टवेअर संच उतरवून घेतला. रायटर हा त्यातला लेखनाचा भाग. आता पूर्ण दोन वर्षं झाली आहेत.

फुकटची वस्तू उद्या बंद पडली तर, ही शंका मुख्याध्यापकांनी काढली आणि ती रास्त होती. म्हणून मी थोडं खोदून बघितलं. याचं मूळ स्टारऑफिस या जुन्या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली ते विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून ओपनऑफिस आलं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यातल्या बऱ्याच लोकांनी वेगळी वाट धरून ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’च्या छत्राखाली लिब्रेऑफिस सुरू केलं. म्हणजे मालक बदलले, नावं बदलली, तरी काम थांबलं नाही. आणि मला याहून महत्त्वाची वाटली ती फाईलची पद्धत. रायटरची फाईल ‘ओडीटी’ असते, आणि ती ज्या ओपनडॉक्युमेंट प्रकारातली आहे त्याला २००६ सालापासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. उद्या हे सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी ती फाईल उघडणारी दुसरी सॉफ्टवेअर आहेत. मुख्याध्यापकांना हे पटलं.

आता यंत्रांविषयी. आमच्या संगणक कक्षात १० संगणक आहेत, त्यांतले ७ चालतात. काहींची मेमरी २ जीबी, काहींची ४. लिब्रेऑफिसच्या अधिकृत गरजा फार कमी सांगितल्या जातात, २५६ एमबीपासून पुढे. पण २ जीबीच्या खाली वर्गात वापरायचा विचारही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागला की ४० मिनिटांच्या तासातली ५ मिनिटं तिथेच जातात. शिवाय जुन्या विंडोजवर अडकून राहिलेल्यांनी लक्षात ठेवावं की आवृत्ती २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ वर लिब्रेऑफिस चालत नाही. आम्ही सगळ्या यंत्रांवर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं, ती मोफत प्रणाली आहे. एक माजी विद्यार्थी दोन रविवार येऊन बसला आणि मी शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत लिहून घेतली. परवान्याला पैसे लागले नाहीत, पण ते दोन रविवार, माझी ती वही, पुढे अडलेल्या प्रत्येक गोष्टीला दिलेली मधली सुट्टी, हा खर्चच आहे. फुकट सॉफ्टवेअर घेणाऱ्या शाळेने शिक्षकाचा हा वेळ वेळापत्रकात धरावा. आमच्याकडे पहिल्या वर्षी तो धरला नव्हता आणि त्या वर्षी मी खरोखर थकले.

४२ मुलं आणि ७ यंत्रं हे गणित तीन गटांनी सुटतं. १४ मुलं संगणकावर, एका यंत्रावर दोघं. १४ मुलं वहीत कच्चं लेखन करतात. उरलेली १४ एकमेकांचं वाचून शेरे लिहितात. पुढच्या तासाला गट फिरतात. पहिलं लेखन कायम कागदावरच होतं, याबाबत मी हट्टी आहे. मुलांचा टायपिंगचा वेग कमी असतो, बोट अक्षर शोधत राहतं आणि तोवर विचार निसटतो. कागदावर धावतं लिहावं आणि संगणकावर ते तोडावं, जोडावं. यंत्रं कमी आहेत याचं मला आता तेवढं वाईट वाटत नाही, कारण ४२ यंत्रं असती तरी मी हीच पद्धत ठेवली असती.

आता ज्या सोयीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. रायटरमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ नावाची गोष्ट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबलं की ती सुरू होते. त्यानंतर तुम्ही आधीचं काही खोडलं तरी ते नाहीसं होत नाही, त्यावर रंगीत रेघ येते. सोय सुरू असताना आपणच नवीन लिहिलेलं मात्र आधी ‘मान्य’ करून घ्यावं लागतं, नाहीतर खोडल्यावर ते जातंच. नवीन लिहिलेलं वेगळ्या रंगात, अधोरेखित दिसतं. ही सोय इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे, त्यात नवल नाही. कार्यालयांतली माणसं ती एकमेकांचे मसुदे तपासायला वापरतात. मी ती मुलांना पहिल्याच दिवशी सुरू करून दिली.

वर्गात एक मुलगा आहे. सुंदर बोलतो, गोष्ट सांगायला लागला की बाकीचे हातातलं काम थांबवून ऐकतात. लिहायला दिलं की ८ ओळी. दर वेळी ८ ओळी, नीटनेटक्या, निर्जीव. ‘हरवलेली वस्तू’ या विषयावर त्याने सुरुवात केली होती, “मनुष्याच्या जीवनात वस्तूंना फार महत्त्व असते.” मी शेजारी बसले आणि म्हटलं, हे वाक्य खोडून बघ, जाणार नाही कुठे. त्याने खोडलं. रेघ आली, वाक्य तिथेच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं वाक्य खोडलं, मग तिसरं. त्या तासात त्याने सुरुवात चार वेळा बदलली, प्रत्येक नवी सुरुवात आधी मान्य करून मग खोडली, आणि चारही सुरुवाती रेघा मारलेल्या एकाखाली एक उभ्या होत्या. पाचवी सुरुवात होती, “चावी माझ्याच खिशात होती आणि मी सगळ्यांवर ओरडत होतो.” तो म्हणाला, “बाई, वरचं काढून टाकू का?” मी म्हटलं, नको, राहू दे, मला वाचायचं आहे.

वहीत हेच का होत नाही, असं एका सहशिक्षिकेने विचारलं. वहीतही रेघ मारता येतेच की. पण वहीतली रेघ कायमची असते, ती पाहणाऱ्याला घाण दिसते आणि मुलाला ती चूक वाटते. पडद्यावरची रेघ एका क्लिकमध्ये मान्य करता येते किंवा परत फिरवता येते. खोडणं हा निर्णय आहे आणि तो बदलता येतो, हे मुलांना बोटांनी कळतं. आता मी निबंध तपासताना अंतिम मजकूर आधी वाचत नाही, बदल दिसत असलेली प्रत आधी वाचते. कुणी काय टाकलं, कुठे अडलं, कुठला शब्द तीनदा बदलून पुन्हा पहिल्यावर आला, हे वाचताना मूल विचार करताना दिसतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे आधी कधी दिसलं नव्हतं.

दुसरी सोय जवळजवळ कुणी वापरत नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते. फाईल मेनूमध्ये ‘व्हर्जन्स’ आहे. त्या त्या दिवशीचा मसुदा त्याच फाईलच्या पोटात साठवता येतो आणि सोबत छोटी टीप लिहिता येते. निबंध१, निबंध२, निबंधनवीन, निबंधशेवटचा, असल्या फाईलींचा पसारा होत नाही. फक्त फाईल ओडीटीमध्येच ठेवावी लागते, वर्डच्या डॉक्स (.docx) प्रकारावर गेलात की ही सोय जाते. माझा नियम असा की तास संपताना आवृत्ती साठवायची आणि टिपेत आज काय बदललं ते लिहायचं, ‘दुरुस्ती केली’ असं चालणार नाही. पहिल्या महिन्यात “शुद्धलेखन सुधारले” याच्यापलीकडे काही येत नव्हतं. दुसऱ्या सत्रात येऊ लागलं, “आजीचं बोलणं वाढवलं”, “पाऊस काढून टाकला, गरज नव्हती”, “शेवट आधी आणला”. हे लिहायला शिकवायला मला अर्धं वर्ष लागलं. सॉफ्टवेअरने फक्त जागा दिली, पण ती अगदी बरोबर ठिकाणी दिली.

एक अडचण मात्र सुरुवातीला फार छळायची. बदल कुणी केला याचा रंग नावावरून ठरतो आणि ते नाव सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एकदाच भरलेलं असतं. एका यंत्रावर सहा मुलं आळीपाळीने बसली की सगळ्यांचे बदल एकाच नावावर, एकाच रंगात. दोन मुलींचं एका वाक्यावरून खरोखरच वाजलं, दोघी म्हणत होत्या हे मी लिहिलं. त्यानंतर आम्ही प्रत्येक यंत्रावर सहा वेगळी खाती उघडली, विद्यार्थी १ ते विद्यार्थी ६, आणि प्रत्येक खात्यात लिब्रेऑफिसमध्ये त्या मुलाचं नाव भरलं. एका दुपारचं काम होतं, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

चुकीच्या वाटणाऱ्या शब्दाखाली येणारी लाल नागमोडी रेघही मी पहिल्या मसुद्याच्या वेळी बंद ठेवते. शिफ्ट आणि एफ ७ दाबलं की जाते. रेघ दिसली की मूल विचार सोडून शब्दामागे धावतं, सोपा शब्द शोधतं आणि लेखन लहान होत जातं. तिसऱ्या मसुद्याला पुन्हा सुरू करायची. तेव्हाही तिचं सगळं ऐकायचं नसतं, कारण विशेषनामं आणि बोलीतले शब्द तिला चूक वाटतात. मुलांनी बोलीतला शब्द केवळ रेघेच्या भीतीने काढला की मी तो परत टाकायला लावते. मेनू आणि बटणांची गर्दीही कमी करता येते. ‘व्ह्यू’मधल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये एकच पट्टी ठेवायचा पर्याय आहे, मुलांच्या खात्यांत तोच ठेवलेला आहे. नाहीतर पहिले तीन तास फक्त अक्षरांना रंग देण्यात जातात.

देवनागरीसारख्या लिपीत लिहिणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. रायटर रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा धरतो आणि देवनागरीचा वेगळा, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली. त्यामुळे शैलीत फॉन्टचा आकार वाढवूनही मजकूर तसाच लहान दिसतो आणि माणूस गोंधळतो. यावर उपाय म्हणजे एक साचा तयार करायचा, त्यात दोन्ही फॉन्ट नीट लावून ठेवायचे आणि तोच साचा सर्व यंत्रांवर मूळ म्हणून नेमायचा. आम्ही नोटो फॉन्ट वापरतो, तोही मोफत आहे आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, शिकवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याची निरर्थक अक्षरं होतात, आणि मुलांचं लेखन टिकवणं हा तर आमचा सगळा खटाटोप आहे.

उणिवा आहेत आणि त्या वर्गात टोचतात. डॉक्स फाईल उघडली की तक्ते, परिच्छेदांमधली जागा, चौकटी कधी कधी हलतात. स्पर्धेला किंवा वार्षिक अंकाला दुसऱ्याच्या साच्यात निबंध पाठवायचा असेल तर शेवटचा हात फिरवावाच लागतो. आम्ही शक्य तिथे पीडीएफ पाठवतो, ते थेट रायटरमधूनच निघतं. दुसरं म्हणजे दोन मुलांनी दोन यंत्रांवरून एकाच वेळी एका मजकुरावर लिहिण्याची सोपी सोय यात नाही. दोन वेगळ्या प्रती नंतर एकत्र करता येतात, तेही ट्रॅक चेंजेसच्याच मेनूत आहे, पण ते शिक्षकाने करायचं काम आहे, मुलांना जमत नाही.

एकत्र लिहिण्यासाठी गूगल डॉक्स उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. बदलांचा इतिहास आपोआप साठतो आणि फाईल यंत्र बिघडल्याने जात नाही. पण कुणी काय लिहिलं ते कळायचं तर प्रत्येक मुलाचं खातं लागतं आणि एकत्र लिहायचं तर सगळ्या यंत्रांना चालू इंटरनेट लागतं. ज्या शाळेत जोडणी भरवशाची आहे आणि शाळेची खाती नीट सांभाळणारं कुणी आहे, तिथे मी आधी तेच सुचवेन. आमच्याकडे ती परिस्थिती नाही.

त्यामुळे गटलेखनासाठी आम्ही इथरपॅड आणलं. हे फार गुणी सॉफ्टवेअर आहे. गूगलने २००९ साली ते बनवणारी कंपनी घेतली आणि त्याच वर्षी त्याचा कोड खुला झाला, तेव्हापासून ते कुणालाही आपल्या यंत्रावर चालवता येतं. आमच्या सातपैकी त्यातल्या त्यात बऱ्या संगणकावर ते बसवलं आहे. बाकीचे संगणक कक्षातल्या जोडणीतून साध्या ब्राउझरने त्याला पोचतात. बाहेरचं इंटरनेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. प्रत्येक मुलाचा मजकूर त्याच्या रंगात उमटतो, आणि ‘टाइमस्लायडर’ सरकवला की पहिल्या अक्षरापासून मजकूर कसा वाढत गेला ते चित्रफितीसारखं दिसतं. एकदा मी ते पडद्यावर सगळ्या वर्गाला दाखवलं. गोष्टीच्या मध्यावर एक रंग येऊन दुसऱ्याचं अख्खं वाक्य उचलून वर नेतो आणि गोष्ट तिथून पळू लागते, हे पाहताना वर्ग शांत झाला होता. मात्र बसवताना माहीतगार माणूस लागतो, आणि कुणीही कुणाचंही खोडू शकतं, म्हणून आधी वर्गाचे नियम ठरवून घ्या. लांब निबंध त्यात लिहू नये. गोष्टीचा आराखडा, वादविवादाचे मुद्दे, एखाद्या कवितेवरच्या प्रतिक्रिया एवढ्यापुरतंच ठेवावं.

बिघाडही झाले. एका मुलीने पेन ड्राइव्ह फाईल उघडी असतानाच ओढला आणि तिचा तीन तासांचा मजकूर गेला. ती रडली आणि मलाही वाईट वाटलं, कारण हे मी शिकवायला हवं होतं. तेव्हापासून फाईल आधी यंत्रावर, तास संपताना पेन ड्राइव्हवर, आणि शुक्रवारी सगळ्याची एक प्रत माझ्याकडे. सेटिंगमध्ये बॅकअप प्रत ठेवण्याचा पर्याय सुरू केला आहे आणि आपोआप साठवण्याचा अवधी २ मिनिटांवर आणला आहे.

एवढं करून लेखन सुधारतं का? स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात परिणामाचं एक माप काढलं होतं, शून्य म्हणजे काहीच फरक नाही. संगणकावर लिहिण्याचा परिणाम ०.५५ इतका आला, म्हणजे चांगलाच. पण आराखडा, लेखन, पुनर्लेखन या पायऱ्या मुलांना उघडपणे शिकवण्याचा परिणाम ०.८२ होता आणि एकमेकांच्या मदतीने लिहिण्याचा ०.७५. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत. हे आकडे मी शाळेच्या बैठकीत मांडले. ज्या शाळेकडे थोडेच पैसे आहेत तिने महागडं सॉफ्टवेअर घेऊन शिक्षकाला एकटं सोडू नये, असं मी तिथे म्हटलं आणि इथेही म्हणते.

वर्गणीचे वाचलेले पैसे आम्ही चार नवे कळफलक, जुन्या यंत्रांची मेमरी आणि तीन एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क, यांवर घातले. एसएसडीने सगळ्यांत जास्त फरक पडला. जिथे रायटर उघडायला मुलं बोटं मोजत बसायची, तिथे आता मी फळ्यावर विषय लिहीपर्यंत पान तयार असतं. बाकीची चार यंत्रं मात्र तशीच आहेत आणि त्यांच्यावर बसायची पाळी आली की मुलं कुरकुरतात.

प्राथमिकच्या लहान मुलांसाठी मी रायटर घेणार नाही, त्यांना मोठी अक्षरं आणि कोरं पान पुरे आहे. पाचवीच्या पुढच्या वर्गांना द्यावं. चावीवाल्या मुलाच्या फाईलीत आता ११ आवृत्त्या आहेत. शेवटच्या आवृत्तीची टीप मागच्या शुक्रवारी प्रत घेताना वाचली, “शेवट अजून पटत नाही, सोमवारी बघतो.” निबंध जमा करायची तारीख उलटून गेली आहे. मी त्याला सोमवार दिला आहे.